जीएए क्लबची निवडणूक आणि हर्लिंग-फुटबॉलचा दोन चुलींचा संसार: नवख्यांसाठी सविस्तर गाईड

गोष्ट इथली, आयर्लंडमधली, आमचा पोरगा अंडर-11 ला होता तेव्हाची. शनिवारी सकाळी दहाला हर्लिंगची मॅच आणि त्याच शनिवारी सव्वादहाला फुटबॉलची, दोन मैदानांमध्ये गाडीने वीस मिनिटांचं अंतर. पोरगा मागच्या सीटवर हेल्मेट घालून, हर्ली (हर्लिंगची काठी) मांडीवर आडवी टाकून, रडवेला होऊन विचारतोय "बाबा नक्की कुठे जायचंय?" आणि इकडे दोन्ही व्हॉट्सॅप ग्रुपवर दोन्ही कोच टाकतायत की पोरं कमी पडतायत, प्लीज पाठवा. मी चिडून क्लबच्या सेक्रेटरीला फोन लावला. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, एजीएम (क्लबची वार्षिक सभा) महिन्यावर आलीये, तिथे ये आणि बोल. गेलो, बोललो, आणि घरी परत आलो तेव्हा मी क्लबचा रजिस्ट्रार झालो होतो.

त्यानंतर कोचिंग ऑफिसर झालो, मग काउंटी (म्हणजे जिल्हा) बोर्डावर क्लबचा डेलिगेट (प्रतिनिधी), आणि इथल्या बऱ्याच मराठी आईबापांनी विचारलं की ही सगळी भानगड नक्की चालते कशी, आपण त्यात शिरायचं कसं, म्हणून एकदाचं बसून लिहितोय. मी कॉर्कमध्ये राहतो त्यामुळे उदाहरणं कॉर्कची जास्त येतील, पण ज्या काउंटीत दोन्ही खेळ चालतात तिथे थोड्याफार फरकाने हेच.

आधी दोन मिनिटांत ओळख, कारण भारतातून वाचणारे पण असतील. जीएए म्हणजे गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, 1 नोव्हेंबर 1884 ला टिपररी काउंटीतल्या थर्ल्स गावात हेझ हॉटेलात स्थापन झालेली. मुख्य खेळ दोन: हर्लिंग, म्हणजे लाकडी काठी आणि चामड्याचा छोटा चेंडू, आणि गेलिक फुटबॉल, ज्यात हातही चालतो. दोन्हीत पंधरा-पंधरा खेळाडू, मैदान तेच, गोलपोस्ट त्याच, आणि मुख्य म्हणजे पोरंही तीच. सगळी गोची इथेच आहे. खेळाडूंना पगार नाही, क्लबच्या पदाधिकाऱ्यांना तर नाहीच. खाली क्लब, वर काउंटी बोर्ड, त्यावर मन्स्टर, लेन्स्टर, कॉनक्ट, अल्स्टर अशा चार प्रांतांच्या कौन्सिल, आणि सगळ्यात वर सेंट्रल कौन्सिल आणि वर्षातून एकदा भरणारी काँग्रेस. आपल्याकडच्या विकास सोसायटी ते जिल्हा बँक ते राज्य बँक अशी उतरंड डोळ्यासमोर आणा, पटकन कळेल.

पायरी पहिली: आपला भाग कुठल्या खेळाचा आहे ते ओळखा

हे न करता एजीएमला तोंड उघडलं तर लोक हसतात, मी अनुभवलंय. प्रत्येक काउंटीचा एक कल असतो. किलकेनीला हर्लिंगचं इतकं वेड की 2012 नंतर त्यांनी नॅशनल फुटबॉल लीगमध्ये टीमच उतरवली नाही. उलट केरीने फुटबॉलच्या 39 ऑल-आयर्लंड (देशाची सर्वोच्च स्पर्धा) जिंकल्यात आणि हर्लिंगची एकच, तीही 1891 ची, तरीसुद्धा उत्तर केरीत लिक्सनॉ, बॅलिडफ, कॉझवे असे मोजके क्लब हर्लिंगवर जीव टाकतात. गॉलवेत तर आडवी रेघच आहे, वर आणि पश्चिमेला फुटबॉल, दक्षिण-पूर्वेला हर्लिंग, आणि गंमत म्हणजे 2009 पासून त्यांची हर्लिंग टीम लेन्स्टर प्रांतात खेळते आणि फुटबॉल टीम कॉनक्टमध्ये, म्हणजे एकाच घरातली दोन पोरं दोन बोर्डांच्या शाळांत.

कॉर्क पूर्ण ड्युअल काउंटी, म्हणजे दोन्ही खेळांची. पण आत बघाल तर पश्चिमेला कारबरी, बेअरा हा फुटबॉलचा पट्टा, आणि पूर्वेला इमोकिली म्हणजे हर्लिंग. 1990 ला कॉर्कने दोन्ही ऑल-आयर्लंड एकाच वर्षी जिंकल्या आणि टेडी मॅकार्थी दोन्ही फायनल खेळला. एकाच वर्षी दोन्ही सिनियर मेडलं मिळवणारा तो एकटाच. जॅक लिंचचं अजून भारी, त्याने 1941 ते 1946 सलग सहा वर्षं सहा मेडलं मिळवली, पाच हर्लिंगची आणि मधलं 1945 चं फुटबॉलचं, आणि पुढे हा माणूस देशाचा पंतप्रधान झाला. ही नावं पाठ करा, कारण कॉर्कमध्ये कुठल्याही मीटिंगला कोणीतरी "नव्वद साली..." म्हणून सुरू करतोच.

तर तुमच्या क्लबात गेल्या पाच वर्षांत कुठल्या खेळाच्या किती टीम उतरल्या, कुठल्या वयोगटात पोरं कमी पडून टीम मागे घेतली, हे वहीत लिहून काढा. अर्ध्या तासाचं काम आहे.

पायरी दुसरी: मत असेल तर बोला

फी भरलेला, रजिस्टर झालेला, अठरा वर्षांवरचा फुल मेंबर असेल त्यालाच एजीएमला मत. आपले लोक इथे हमखास चुकतात, पोराची फी भरतात आणि समजतात की आपणही मेंबर झालो. नाही होत. स्वतःची मेंबरशिप वेगळी घ्यायची, फोईरन नावाच्या ऑनलाइन सिस्टिमवर, आणि तीही वर्षाच्या सुरुवातीलाच, मार्च उजाडायच्या आत उरकून टाका. एजीएमच्या आदल्या आठवड्यात फी भरून मत मागायला गेलं की नियमावर बोट ठेवून बाहेर बसवतात, आणि ते बरोबरच करतात, नाहीतर आयत्या वेळी चाळीस भाचे-पुतणे भरून कोणीही क्लब ताब्यात घेईल. सोसायटीच्या निवडणुका बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

पायरी तिसरी: आधी बिनकौतुकाचं पद घ्या

पहिल्याच वर्षी चेअरमन व्हायची स्वप्नं नकोत. पदांची नावं आयरिशमध्ये येतात, घाबरू नका: कहीरलॉख म्हणजे अध्यक्ष, रूनी म्हणजे सेक्रेटरी, किश्टोर म्हणजे खजिनदार. याशिवाय पीआरओ, रजिस्ट्रार, चिल्ड्रन्स ऑफिसर, कोचिंग ऑफिसर, आयरिश भाषा आणि संस्कृतीचा ऑफिसर. अध्यक्षपदाला कधीकधी दोन उमेदवार असतात, रजिस्ट्रारला मात्र बहुतेक वेळा एकही नसतो, सगळे चहाच्या कपात बघत बसतात. तिथे हात वर करा.

रजिस्ट्रार झाल्याचा फायदा काय, तर सगळ्या पोरांची यादी तुमच्या हातात. कोण दोन्ही खेळ खेळतो, कोण एकच, कोण गेल्या वर्षी सोडून गेला. माझ्या पहिल्या वर्षी मी एक साधी एक्सेल बनवली, अंडर-13 आणि अंडर-15 ची, आणि निघालं काय, तर तीन चतुर्थांश पोरं दोन्ही खेळांत. तोवर क्लबात सगळे "आपले हर्लिंगवाले" आणि "आपले फुटबॉलवाले" असं बोलायचे, आणि प्रत्यक्षात वाटे फक्त मोठ्यांच्या डोक्यात होते. तो एक कागद मी पुढे तीन वर्षं वापरला.

पोरांना शिकवायचं असेल तर गार्डा व्हेटिंग (पोलिसांची पार्श्वभूमी तपासणी) आणि सेफगार्डिंगचा (मुलांच्या सुरक्षिततेचा) कोर्स आधी. यात सूट कोणालाच नाही, मागू पण नका.

पायरी चौथी: क्लबची एजीएम

नोव्हेंबरची रात्र, हॉलमधला हीटर अर्धवट चालू, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मागे टेबलावर चहाचा मोठा थर्मास आणि हॅम सँडविचेस (शाकाहारी मंडळींनी जेवूनच जायचं, एग सँडविच सगळ्यात आधी संपतात). सेक्रेटरीचा रिपोर्ट, खजिनदाराचे आकडे, मग निवडणूक, मग मोशन्स (ठराव).

नामांकनं लेखी आणि मुदतीच्या आत द्यावी लागतात, सूचक-अनुमोदक हवेत, दोघंही मेंबर पाहिजेत. सूचक कोण, यावर विचार करा. तुम्ही फुटबॉलच्या घरातले असाल तर सूचक हर्लिंगचा जुना माणूस घ्या, अनुमोदक दुसरीकडचा. त्या एका कागदावरून अर्ध्या हॉलला कळतं की हा माणूस एका बाजूचा नाही. माझ्या वेळी मला हे कोणी सांगितलं नव्हतं, माझे दोघंही फुटबॉल कोच निघाले आणि पुढचं वर्षभर मी "फुटबॉलवाल्यांचा इंडियन" होतो.

मोशन मांडायचं तर एका वाक्यात, आकड्यासकट, आणि अंमलबजावणी कोण करणार ते नाव घालून. "दोन्ही खेळांना समान न्याय मिळावा" असलं मोशन एकमताने पास होतं आणि दुसऱ्या दिवशी कोणाच्या लक्षात राहत नाही. "अंडर-13 पर्यंत एकाच वयोगटाची हर्लिंग आणि फुटबॉल मॅच एकाच दिवशी ठेवायची नाही, दोन्ही कोचनी महिन्याचं वेळापत्रक कोचिंग ऑफिसरकडे आधी द्यायचं" असं लिहा. यावर भांडण होईल. झालं तरच त्यात काहीतरी आहे समजा.

पायरी पाचवी: काउंटी कन्व्हेन्शन

डिसेंबरात काउंटीची वार्षिक सभा भरते, तिला कन्व्हेन्शन म्हणतात. तिथे मेंबर नाही, क्लबचे डेलिगेट मत देतात. कुठल्या क्लबाला किती डेलिगेट, ते त्या काउंटीच्या बायलॉजमध्ये, म्हणून बायलॉज मागून घ्या आणि एकदा तरी वाचा. वाचलेला माणूस मीटिंगमध्ये इतका दुर्मिळ असतो की लोक आपोआप तुमच्याकडे बघायला लागतात. काउंटीच्या पदांसाठी नामांकन क्लब करतात, मग यादी फिरते, ज्यांची नावं आलीत त्यांनी उभं राहणार की नाही ते कळवायचं. यादीत वीस नावं दिसली तरी हबकू नका, बरीचशी मान म्हणून टाकलेली असतात आणि मुदतीच्या दिवशी तीन उरतात.

एका पदावर सलग पाच वर्षांच्या वर राहता येत नाही, पूर्णवेळ पगारी सेक्रेटरी सोडून. ही सूट छोटी वाटते, पण कॉर्कचे फ्रँक मर्फी 1972 पासून 2018 पर्यंत सेक्रेटरी होते. या काळात अध्यक्ष किती आले आणि गेले मोजत बसा. म्हणून कोण अध्यक्ष होणार यापेक्षा फिक्स्चर्सची (मॅचेसच्या वेळापत्रकाची) कमिटी कोणाच्या हातात आणि सेक्रेटरी कोण, याकडे जुनी माणसं जास्त बघतात. खरी चुरस बऱ्याचदा उपाध्यक्षपदाला असते, कारण तिथून अध्यक्षाची शिडी लागते. ट्रेसी केनेडी पण पीआरओ, मग उपाध्यक्ष अशाच वर गेल्या आणि डिसेंबर 2017 ला कॉर्कच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.

प्रचार? पोस्टर, बॅनर, गाड्या, काहीही नाही. उघड प्रचार केलात तर उलट मतं जातील. फोन करायचा, पण "मत द्या" म्हणायचं नाही, "मी उभा राहतोय, तुमच्या भागात काय अडतंय ते ऐकायचं होतं" एवढंच. आणि मयताला जायचं. खरंच सांगतोय. इथे गावातलं कोणी गेलं की क्लबची माणसं जर्सी घालून दोन्ही बाजूंना रांगेत उभी राहतात, त्या रांगेत पावसात उभा राहिलेला माणूस लोक विसरत नाहीत. आपल्याकडे तरी वेगळं काय असतं.

मतमोजणी नीट समजून घ्या. दोन उमेदवार असतील तर सोपं. तीन-चार असतील तर आयरिश पद्धतीने पसंतीक्रम देतात, 1, 2, 3 असे आकडे. समजा 120 मतं पडली. निम्म्याहून एक जास्त म्हणजे 61 पाहिजेत. पहिल्या फेरीत अ ला 52, ब ला 40, क ला 28. क बाद. आता त्या 28 कागदांवरची दुसरी पसंती बघायची: समजा 20 ब ला, 6 अ ला, आणि 2 कागदांवर दुसरी पसंतीच नाही. झाले काय? अ 58, ब 60. 61 कोणालाच नाहीत, पण आता दोघंच उरलेत, म्हणून ज्याला जास्त तो निवडून आला, म्हणजे ब. पहिल्या फेरीत बारा मतांनी पुढे असलेला अ घरी. त्यामुळे समोरच्याच्या कट्टर माणसाला पण फोन करून "तुमचं पहिलं मत त्यांना, समजतंय मला, दुसऱ्याचा विचार करा" हे म्हणता आलं पाहिजे. ड्युअल काउंटीत तर हे सोनं आहे, कारण हर्लिंगचा पट्टा फुटबॉलवाल्याला पहिली पसंती कधीच देणार नाही, पण ज्याने आपल्या खेळाला त्रास दिला नाही त्याला दुसरी देतो.

पायरी सहावी: कॅलेंडर, म्हणजे खरी लढाई

निवडून आलात. आता बसा पंचांग घेऊन.

2022 पासून स्प्लिट सीझन आलाय, म्हणजे काउंटी टीमचं सगळं जुलैअखेर संपतं, ऑल-आयर्लंड फायनलसकट, आणि त्यानंतर खेळाडू क्लबला मिळतात. आधी क्लबची पोरं महिनोन्‌महिने काउंटीवाल्यांची वाट बघत बसायची, तो प्रश्न सुटला. पण आता सगळं क्लब क्रिकेटच्या ट्वेंटी-ट्वेंटीसारखं दाटीवाटीत उरकावं लागतं. ऑगस्टच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत धरा साधारण 12 वीकेंड. चारच्या गटात प्रत्येकी तीन मॅचेस, मग क्वार्टर, सेमी, फायनल, म्हणजे एका खेळाला 6 वीकेंड. दोन खेळ, 12 वीकेंड. शिल्लक शून्य. एक आठवडा हर्लिंग, एक आठवडा फुटबॉल असं आलटून पालटून. दोन्हीत फायनलपर्यंत गेलेल्या क्लबची तीच सतरा-अठरा पोरं सलग बारा आठवडे खेळणार. एक मॅच पावसाने गेली की सगळी माळ तुटते, आणि फायनल पुढे ढकलता येत नाही कारण लगेच प्रांताची क्लब स्पर्धा उभी असते.

तर करायचं काय? मी काउंटीच्या लेव्हलला तीन गोष्टी लावून धरल्या. एक, गटाच्या तिन्ही फेऱ्यांनंतर एक मोकळा वीकेंड, त्यासाठी पहिली फेरी जुलैच्या शेवटच्या वीकेंडला ओढायची. याला काउंटी टीमवाल्यांचा विरोध होणार, कारण फायनलला गेलो तर खेळाडू नसतील, आणि तो विरोध खरा आहे, मग "काउंटी फायनलला गेली तरच पहिली फेरी बदलेल" असा पर्याय आधीच लिहून ठेवायचा. दोन, हर्लिंग आधी की फुटबॉल आधी, हे दरवर्षी उलटं करायचं, कारण शेवटच्या वीकेंडला ज्याची फायनल त्याला गर्दी आणि गेटचे पैसे जास्त. तीन, ड्युअल क्लबांची यादी ड्रॉच्या आधी टेबलवर, ड्रॉनंतर रडून उपयोग नाही.

क्लबच्या लेव्हलला याहून सोपं. दोन्ही मॅनेजरना जानेवारीत एका टेबलावर बसवा, आणि एकच नियम लिहून घ्या: ज्या खेळाची पुढची मॅच, त्या आठवड्याचं ट्रेनिंग त्याचं, दुसऱ्या मॅनेजरने त्या आठवड्यात ड्युअल खेळाडूला हात लावायचा नाही. दोघंही मान डोलावतात. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात एकाचा फोन येतो, "फक्त अर्धा तास, फक्त फ्रीज (फाउलवर मिळणारे शॉट) मारायला". नाही म्हणायचं. त्या अर्ध्या तासातच हॅमस्ट्रिंग जातं, आमचा सेंटर-बॅक असाच गेला होता आणि आम्ही दोन्ही स्पर्धांतून बाहेर.

छोट्या पोरांचं तर वेगळंच सोपं आहे. तिथे गो गेम्स असतात, सगळ्यांना खेळवायचं, कप-बिप नाही. एकाच रात्री अर्धा तास हर्लिंग, अर्धा तास फुटबॉल, पोरांना काही फरक पडत नाही, फरक कोचना पडतो. दोन्ही खेळ खरंच एका छताखाली नांदू शकतात याचं उदाहरण कॉर्कमध्येच आहे, सेंट फिनबार्स, सिनियर क्लब ऑल-आयर्लंड दोन्ही खेळांत जिंकणारा एकमेव क्लब. आणि डेरीतल्या स्लॉटनीलने 2016 च्या सीझनला हर्लिंग, फुटबॉल आणि कमोगी (म्हणजे मुलींचं हर्लिंग) अशा तिन्ही अल्स्टर ट्रॉफ्या एकाच गावात आणल्या.

पायरी सातवी: मतांचा जोर कुठे वापरायचा नाही

बहुमत आहे म्हणून काहीही पास करता येतं असं वाटायला लागलं की कॉर्कचा 2007 चा हिवाळा आठवा. बोर्डाने ठरवलं की टीमच्या मॅनेजरने स्वतःचे सिलेक्टर निवडायचे नाहीत. नियमाने सगळं बरोबर, मतदानही झालं. फुटबॉलच्या खेळाडूंनी संप केला, हर्लिंगवाले पण पाठीशी उभे राहिले, 2008 च्या लीगमधल्या मॅचेस सोडून द्याव्या लागल्या आणि शेवटी लेबर रिलेशन्स कमिशनच्या प्रमुखाला मधे पडावं लागलं. पुढच्याच वर्षी परत हर्लिंगचा संप. एरवी एकमेकांकडे न बघणारे दोन खेळ बोर्डाविरुद्ध एक झाले. (असं ऐक्य कोणालाच नको असतं.)

तसंच छोट्या खेळाला आकड्यांवर तोलायचं नाही. नोव्हेंबर 2023 ला वरून प्रस्ताव आला की लाइट्रिम, लॉन्गफर्ड, कॅव्हन, फर्माना आणि लाउथ, जिथे हर्लिंगचे क्लब मोजकेच, त्यांच्या टीम नॅशनल हर्लिंग लीगमधून काढाव्यात आणि पैसे खालच्या कोचिंगला वळवावेत. कागदावर ठीक वाटत होतं. गदारोळ झाला आणि प्रस्ताव मागे घ्यावा लागला. वरची टीम गेली की खालचं पोरगं काठी कशाला धरेल, एवढा साधा प्रश्न कोणी आधी विचारला नव्हता. तुमच्या क्लबात पण "हर्लिंगला बाराच पोरं येतात, बंद करू" असं कोणी म्हणालं तर शेजारच्या क्लबशी मिळून एक टीम करायची सोय असते, आधी ती वापरा.

निवडून आल्यावरचा पहिला आठवडा

भाषणं नंतर. आधी जुन्या सेक्रेटरीकडून हॉलच्या आणि मैदानाच्या गेटच्या चाव्या, फोईरनचा अ‍ॅक्सेस, बँकेत सही बदलायचे कागद (याला तीन-चार आठवडे सहज जातात, तोवर बिलं थांबतात), विम्याचे पेपर, क्लब लोट्टोचा (लॉटरीचा) हिशोब. मग मैदानाचं बुकिंग शीट. आमच्याकडे ते शीट भिंतीवर होतं, पेनने लिहिलेलं, आणि ज्याच्याकडे पेन त्याचं मैदान. ते गूगल शीटवर टाकलं, हर्लिंगला एक रंग, फुटबॉलला एक, आणि पहिल्यांदाच मंगळवार-शुक्रवारच्या फ्लडलाइटच्या रात्री कोणाकडे जातायत ते सगळ्यांना उघड दिसलं. चार दिवस कुरबुर झाली.

आता त्यात अजून दोन रंग टाकावे लागणारेत. मुलींचं फुटबॉल आणि कमोगी यांच्या संस्था आजवर वेगळ्या होत्या, 2027 पर्यंत जीएएसकट तिन्ही एक करायचं ठरलंय, म्हणजे मैदान एक, फ्लडलाइट एक आणि मागणारे चार. आमच्या क्लबात याच विषयावर पुढच्या एजीएमला मोशन येतंय, मसुदा मीच लिहितोय, आणि यावेळी सूचक कमोगीची कोच आहे, अनुमोदक हर्लिंगचा सत्तरीचा म्हातारा. त्याला विचारायला गेलो तेव्हा म्हणाला, वाचून दाखव. वाचलं. म्हणाला, मंगळवार कोणाचा ते लिहिलंच नाहीयेस. घरी येऊन ते वाक्य टाकलं.